इंग्रजीच्या मास्तरांचे शिक्षण

महाराष्ट्रात शाळेतून इंग्रजी शिकवायला सुरुवात होऊन आता दोनशे वर्षे झाली. ते शिकवणाऱ्या शिक्षकाला शिकवण्याची सोय मात्र त्यामानाने अगदी अलीकडची आहे. १८२२ मध्ये मुंबईत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या मंडळीने, म्हणजे पुढच्या बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने, मराठी आणि गुजराती शाळांबरोबर इंग्रजीचे वर्गही चालवले. शिक्षक तयार करायला हवेत, हे याच परंपरेतल्या लोकांना लवकर उमगले होते. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांकडे अध्यापक तयार करणाऱ्या ‘नॉर्मल क्लास’ची जबाबदारी आली आणि त्यांच्या अकाली निधनानंतर हे काम दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी पाहिले. पण हा वर्ग होता मराठी शाळांच्या पंतोजींसाठी. इंग्रजी शिकवणाऱ्याला वेगळे काही शिकवावे लागते, असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते. इंग्रजी येते ना, मग शिकवताही येईल, असा सरळ हिशोब होता आणि तो पुढे फार दिवस टिकला.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले, मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली आणि जिल्ह्याच्या गावी हायस्कुले उभी राहू लागली. पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज प्राथमिक मराठी शाळांचे मास्तर घडवू लागले. हायस्कुलात इंग्रजी शिकवायला मात्र मॅट्रिक किंवा पदवी पुरे असे. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा मुद्दा पुन्हा काढला, तरी मुंबई इलाख्यात त्यासाठी स्वतंत्र कॉलेज निघायला विसावे शतक उजाडावे लागले. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी, त्यांना पुढच्याच वर्षी येऊन मिळालेले आगरकर, शाळेचा कारभार सांभाळणारे वामन शिवराम आपटे, यांपैकी एकानेही अध्यापनाचा अभ्यासक्रम केलेला नव्हता. चिपळूणकरांनी तर सरकारी हायस्कुलात मास्तरकी केली होती आणि रत्नागिरीला बदली झाल्यावर वर्षभरात ती सोडली होती. शाळा नावारूपाला आली ती या माणसांच्या विद्वत्तेवर आणि झपाट्यावर. एवढी बुद्धिमत्ता प्रत्येक शाळेच्या वाट्याला येणार नव्हती, हे उघड होते.

त्या काळच्या इंग्रजीच्या तासाचा साचा ठरलेला असे. मास्तर फळ्यावर मराठी वाक्ये लिहीत. ‘तो बागेत गेला’, ‘ती बागेत जात आहे’, ‘ते बागेत जात असत’, अशी काळानुसार चढत जाणारी. मुले पाटीवर त्यांचे इंग्रजी करीत. मग चुकलेल्या क्रियापदांवर बोट ठेवले जाई, स्पेलिंगे घोकली जात, वाक्याचे पृथक्करण होई. तर्खडकरांच्या नावाने ओळखली जाणारी भाषांतर पाठमाला या पद्धतीचा कळस होय. ती पिढ्यानपिढ्या चालली आणि आजही पुस्तकांच्या दुकानात मिळते. या पद्धतीला नंतर पुष्कळ नावे ठेवली गेली. ती इंग्रजी बोलायला शिकवत नाही, हा आक्षेप खराही आहे. पण तिची एक बाजू टीकाकार विसरतात: ज्या मास्तराने स्वतः कधी इंग्रज माणसाचे बोलणे ऐकले नाही, तोही ती पद्धत प्रामाणिकपणे वापरू शकत होता. पद्धत शिक्षकाच्या ताकदीला बेतून शिवलेली होती. पुढे आलेल्या बहुतेक नव्या पद्धतींबद्दल तसे म्हणता येत नाही.

शिक्षकांनी एकमेकांशी बोलावे, यासाठी त्या काळात एकच साधन होते, ते म्हणजे छापील मासिक. १८६१ मध्ये ‘मराठी शालापत्रक’ निघाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यानंतर विष्णुशास्त्री यांनी ते चालवले. सरकारच्या नाराजीमुळे ते पुढे थांबले. आजच्या ‘जीवन शिक्षण’ या मासिकाची परंपरा तिथपर्यंत नेली जाते. तेही मुख्यतः मराठी शाळांसाठी होते, म्हणजे इंग्रजीचा मास्तर याही मंडळात जरासा बाहेरच राहिला.

१९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले, शिक्षकांच्या तोंडी ‘एस. टी. कॉलेज’. मुंबई इलाख्यातील माध्यमिक शिक्षकांसाठी निघालेले हे पहिले कॉलेज. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हा इंग्रज याच सुमारास इलाख्याच्या शिक्षण खात्यात होता. कराचीचे हायस्कूल त्याने चालवले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. १९११ मध्ये त्याने भारतीय शाळांत इंग्रजी ‘डायरेक्ट’ पद्धतीने कसे शिकवावे यावर पुस्तक लिहिले: भाषांतर नको, वर्गात इंग्रजीच ऐकू आले पाहिजे, वस्तू दाखवा, कृती करा आणि मग शब्द द्या. आज रेनचे नाव घराघरात आहे ते एच. मार्टिन यांच्यासोबतच्या व्याकरणाच्या जाडजूड पुस्तकामुळे, म्हणजे ज्या प्रकारच्या अध्यापनाविरुद्ध त्याने हयातभर नव्हे तरी नोकरीभर मत मांडले, त्याच प्रकारासाठी वापरल्या जाणाऱ्या पुस्तकामुळे. कादंबरीवाचकांना तो ‘बो जेस्ट’चा लेखक म्हणून ठाऊक आहे. शिक्षकांना मात्र तो ‘रेन अँड मार्टिन’च.

डायरेक्ट पद्धत ट्रेनिंग कॉलेजच्या सराव पाठांत रुजली, शाळेत नाही. कारण सरळ होते. मॅट्रिकच्या प्रश्नपत्रिकेत भाषांतर होते, वर्गात मुले भरपूर होती, आणि दिवसभर इंग्रजीतच बोलत राहण्याएवढा आत्मविश्वास थोड्याच मास्तरांकडे होता. ट्रेनिंग कॉलेजच्या परीक्षकासमोर एक पाठ आणि शाळेत दुसराच पाठ, ही सवय तेव्हापासूनची आहे.

याच काळात आणखी एक बदल झाला, ज्याकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. हायस्कुलातले गणित, इतिहास, भूगोल हे सारे पूर्वी इंग्रजीतून चालत असे. त्यामुळे प्रत्येक शिक्षक थोडाफार इंग्रजीचाही शिक्षक असे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात माध्यम हळूहळू मराठी झाले आणि शाळेत ‘इंग्रजीचे सर’ नावाचा एक वेगळा प्राणी तयार झाला. मुलांच्या कानावर इंग्रजी पडण्याची सगळी जबाबदारी दिवसाच्या एका तासावर आणि एका माणसावर आली. इंग्रजी शिक्षकाच्या एकटेपणाचा उगम इथे आहे. छोट्या गावच्या शाळेत विज्ञानाच्या सरांना गणिताचे सर बोलायला असतात. इंग्रजीच्या सरांना आपली अडचण मांडायला पंचवीस मैलांवरच्या दुसऱ्या हायस्कुलात जावे लागे.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४८ च्या सुमारास, मुंबई राज्याने पाचवी ते सातवीचे इंग्रजी बंद करून ते आठवीवर नेले. सात वर्षांत होणारे काम चार वर्षांत उरकायचे होते. मुले मोठी, शब्दसंग्रह शून्य, आणि अकरावीला शालान्त परीक्षा. या पेचातून बाहेर काढायला जी पद्धत आली ती ‘स्ट्रक्चरल’, म्हणजे रचनांवर आधारलेली. इंग्रजीतल्या मोजक्या वाक्यरचना सोप्याकडून अवघडाकडे लावायच्या, शब्द मोजून द्यायचे आणि प्रत्येक रचना तोंडी सरावाने पक्की करायची. शिक्षक पुस्तक हातात धरून म्हणे, ‘धिस इज अ बुक’. मग खिडकीकडे बोट करून, ‘दॅट इज अ विंडो’. मुले एकसुरात म्हणत, मग रांगेने, मग एकेक. फळ्यावर रकाने पाडलेला तक्ता असे. प्रत्येक रकान्यातला एकेक शब्द उचलला की नवे वाक्य तयार. पाठ उत्तम वठला तर चाळीस मिनिटांत प्रत्येक मुलाच्या तोंडून चार-सहा वाक्ये निघत. भाषांतराच्या तासात ती निघाली नसती. पाठ बिघडला तर मात्र पोपटांचा वर्ग.

ही पद्धत शिक्षकांपर्यंत नेण्यासाठी देशात प्रथमच मोठी यंत्रणा उभी राहिली. पन्नाशीच्या दशकात ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्याने अलाहाबादला इंग्रजी अध्यापनाची संस्था निघाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश. सुरुवातीच्या काळात तिचे संचालक होते विनायक कृष्ण गोकाक. ते कन्नडचे मोठे कवी, आणि पुणे-सांगली-कोल्हापूरकडच्या कॉलेजांत इंग्रजी शिकवलेले प्राध्यापक. तिकडे मद्रास राज्याने याहून धाडसी बेत केला. थोड्या लोकांना तयार करायचे, त्यांनी पुढच्यांना, त्यांनी आणखी पुढच्यांना, अशा रीतीने इंग्रजी शिकवणारे २७,००० शिक्षक नव्याने घडवायचे. बर्फाचा गोळा घरंगळताना मोठा होत जातो, तसे हे काम वाढेल म्हणून ते ‘मद्रास स्नोबॉल’ या नावाने प्रसिद्ध झाले.

या मोहिमेचे यश-अपयश हा वादाचा विषय आहे. पण तिच्यातला साचा भारतभर राहून गेला. वरच्या पायरीवर दहा दिवस शिकवलेले खालच्या पायरीवर तीन दिवसांत सांगितले जाते आणि शाळेच्या पायरीपर्यंत येते ती सूचनांची झेरॉक्स. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हे समजावून सांगावे लागत नाही. राज्यस्तरीय तज्ज्ञ मार्गदर्शक, जिल्हास्तरीय, मग तालुकास्तरीय, ही उतरंड त्यांनी प्रत्येक अभ्यासक्रम बदलताना पाहिली आहे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर इंग्रजी पुन्हा पाचवीवर आले. म्हणजे आता आठवीच्या पदवीधर शिक्षकाबरोबर प्राथमिकच्या शिक्षकालाही इंग्रजी शिकवायचे होते. साठच्या दशकात राज्याने इंग्रजी शिक्षकांसाठी स्वतंत्र संस्था काढली. हीच औरंगाबादची राज्य आंग्लभाषा शिक्षण संस्था. तिच्या निवासी वर्गांतून तयार झालेले शिक्षक आपापल्या जिल्ह्यात ‘इंग्रजीचा जाणकार’ म्हणून ओळखले जात. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, अस्तित्वात आले आणि नवे पुस्तक म्हणजे नवा उद्बोधन वर्ग, हे समीकरण ठरून गेले. दहावीची परीक्षा घेणाऱ्या माध्यमिक शिक्षण मंडळाच्या ‘शिक्षण संक्रमण’ मासिकातून नव्या प्रश्नपत्रिकेचे आराखडे आणि नमुना उत्तरे येऊ लागली. शिक्षकाच्या टेबलावर ते अंक नीट जपून ठेवलेले असत, कारण परीक्षेचा प्रश्न त्यांत सुटत होता.

प्रशिक्षणाला लोक का जात, याचे उत्तर एकच नाही. काहींना खरेच शिकायचे असे. काही आदेश आला म्हणून जात. नंतरच्या काळात बारा वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी आणि चोवीस वर्षांनंतरच्या निवडश्रेणीसाठी प्रशिक्षण आवश्यक ठरले, तेव्हा हजेरीपत्रकावरची सही थेट पगाराशी जोडली गेली. पण या वर्गांवर टीका करताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. अनेक शिक्षकांना आपल्या विषयाची वीस-तीस माणसे एका ठिकाणी भेटत ती याच वर्गांत. दुपारच्या व्याख्यानापेक्षा चहाच्या सुट्टीत जास्त शिकायला मिळाले, असे म्हणणारा शिक्षक प्रत्येक तालुक्यात सापडतो.

शिक्षकांनी स्वतःहून एकत्र येण्याचा इतिहास याहून विखुरलेला आहे आणि त्याची नोंदही नीट झालेली नाही. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये डब्ल्यू. आर. ली यांनी इंग्रजी शिक्षकांची संघटना काढली. तीच पुढे आंतरराष्ट्रीय झाली आणि ‘आयटेफल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. भारतात १९७४ मध्ये एस. नटराजन यांनी मद्रासला ‘इंग्लिश लँग्वेज टीचर्स असोसिएशन ऑफ इंडिया’ उभी केली. तिची परिषद आणि तिचे नियतकालिक प्रामुख्याने इंग्रजीतून लिहू-बोलू शकणाऱ्यांना जवळचे वाटे. म्हणून त्यात कॉलेजचे प्राध्यापक अधिक आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक कमी, अशी स्थिती राहिली.

महाराष्ट्रातल्या शाळाशिक्षकांचे खरे संघटन तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या इंग्रजी अध्यापक संघांत दिसते. त्यांचे काम डोळ्यांत भरणारे नव्हते: दहावीची सराव प्रश्नपत्रिका एकत्र बसून काढायची, ती छापून सगळ्या शाळांना द्यायची, फेब्रुवारीत मुलांसाठी मार्गदर्शन शिबिर घ्यायचे, निवृत्त होणाऱ्या सरांचा सत्कार करायचा. पण प्रश्नपत्रिका काढायला बसलेले सात-आठ शिक्षक एका उताऱ्यावर कोणते प्रश्न विचारायचे यावर तासभर भांडत, तेव्हा ते अध्यापनशास्त्राचीच चर्चा करत असत. तसेच उत्तरपत्रिकांच्या तपासणीचे. नियामकाच्या घरी किंवा एखाद्या शाळेत गठ्ठे घेऊन जमलेले परीक्षक पत्रलेखनाला किती गुण द्यायचे, स्पेलिंगच्या चुकीला अर्धा गुण कापायचा की नाही, निबंधात पाठ केलेले परिच्छेद कसे ओळखायचे, यावर एकमत करत. दुसऱ्या शाळेतली मुले काय आणि कसे लिहितात, हे शिक्षकाला तिथेच दिसे. कोणत्याही शासननिर्णयात याला प्रशिक्षण म्हटलेले नाही. प्रत्यक्षात मात्र बहुतेक जुन्या शिक्षकांनी इंग्रजीचे मूल्यमापन इथेच शिकले.

प्राथमिक शिक्षकांकडे गटसंमेलने होती. आसपासच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमत, एकजण आदर्श पाठ घेई, बाकीचे मागच्या बाकांवर बसून बघत आणि मग चर्चा होई. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शाळा संकुलाची कल्पना मांडली. नव्वदच्या दशकाच्या मध्यात महाराष्ट्राने केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना आणली. गटसंमेलनांची जागा केंद्राच्या शिक्षण परिषदेने घेतली. परिषद महिन्याला ठरलेली असली तरी तिच्यात विषयाला मिळणारा वेळ माहिती-तक्ते, योजना आणि परिपत्रके यांनी खाल्ला, ही तक्रार तेव्हापासून ऐकू येते. ती बऱ्याच ठिकाणी रास्त आहे.

दरम्यान पद्धतींचा विचारही बदलत होता. १९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी अध्यापनतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाची रचना न शिकवता मुलांना रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे अशी कामे सोडवायला द्यायची आणि त्या ओघात भाषा येऊ द्यायची. ‘बंगळूर प्रकल्प’ या नावाने तो जगभर अभ्यासला गेला. प्रभूंनी नंतर असा विचार मांडला की सर्वांत उत्तम अशी पद्धत कोणतीच नसते. शिक्षकाला आपण काय आणि का करतो आहोत याचे भान किती आहे, ते महत्त्वाचे. पद्धत पोहोचवण्यावर उभ्या असलेल्या प्रशिक्षण यंत्रणेला हा विचार पचणे कठीण होते. महाराष्ट्रात संवादात्मक अध्यापन, म्हणजे प्रत्यक्ष वापरातून भाषा शिकवणे, आले ते पाठ्यपुस्तकांतून, आणि पुढे प्रश्नपत्रिकेची ‘कृतिपत्रिका’ झाल्यावर ते सर्वांना पाळावेच लागले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यात ‘डायट’ संस्था उभ्या राहिल्या आणि प्राथमिक शिक्षकाचे प्रशिक्षण निदान जिल्ह्याच्या आत आले.

जून २००० मध्ये महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. निर्णयाबद्दल मतभेद होते, पण मागणी पालकांची होती. मोठा प्रश्न शिक्षकांचा होता. डी. एड. झालेल्या ज्या शिक्षकाने स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली, त्याला आता सहा वर्षांच्या मुलांशी इंग्रजीत गाणी म्हणायची आणि बोलायचे होते. १९४८ प्रमाणेच आधी निर्णय झाला आणि मग शिक्षकाच्या तयारीची धावाधाव. या काळातला एक लक्षात राहणारा उपाय रेडिओचा. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने ‘वी लर्न इंग्लिश’ ही मालिका तयार केली. रेडिओवरचा आवाज प्रश्न विचारी, मध्ये थांबे, वर्गातली मुले उत्तर देत. ज्या शिक्षकाला उच्चारांची धास्ती वाटे, तोही मुलांबरोबर ऐकत आणि म्हणत शिके. कोणी त्याला परीक्षेला बसवत नव्हते.

२०१० नंतर ब्रिटिश कौन्सिलच्या सहकार्याने राज्यात प्राथमिक शिक्षकांसाठी मोठे प्रशिक्षण झाले आणि २०१६ मध्ये राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांचा ‘तेजस’ प्रकल्प आला. याचा गाभा वेगळा होता. उतरंडीने ज्ञान खाली पाठवण्याऐवजी जवळपासच्या शिक्षकांचे गट करायचे. त्यांना ‘टीचर ॲक्टिव्हिटी ग्रुप’, बोलीत ‘टॅग’, म्हटले गेले. गटाचा समन्वयक त्यांच्यातलाच शिक्षक. महिन्यातून एकदा जमायचे, एखादी अध्यापनाची अडचण घ्यायची, मागच्या वेळी ठरलेली कृती वर्गात करून पाहिली का आणि काय झाले ते सांगायचे, आणि थोडा वेळ स्वतःचे इंग्रजी सुधारायला द्यायचा. ‘मुलांना जोडीने बोलायला सांगितले तर ती मराठीतच बोलतात’ ही तक्रार एका बैठकीत आली की पुढच्या बैठकीपर्यंत दोन-तीन शाळांतून तिचे उपाय करून पाहिलेले असत. पुढे औरंगाबादच्या संस्थेने माध्यमिक शिक्षकांसाठीही ‘चेस’ या नावाने सततच्या साहाय्याचा कार्यक्रम चालवला. दोन बैठकींच्या मधले बोलणे व्हॉट्सॲपवर होऊ लागले. २०२० च्या टाळेबंदीत हेच गट ऑनलाइन भरले, तेव्हा गडचिरोलीचा शिक्षक आणि सिंधुदुर्गची शिक्षिका प्रथमच एका चर्चेत आले.

टॅगची उणीवही त्याच अनुभवातून पुढे आली. समन्वयक उत्साही असेल तर गट चाले. त्याची बदली झाली की बसे. जिल्हा परिषदेच्या बदल्यांच्या राजकारणात हे वारंवार घडणार हे ठरलेलेच होते. जिथे तालुक्यात आधीपासून अध्यापक संघ जिवंत होता, तिथे नव्या गटाला जमिनीत मुळे सापडली.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत आणि त्यांची निवड त्याच्या स्वतःच्या आवडीनुसार व्हावी, असे म्हटले आहे. मद्रासच्या मोहिमेपासून ‘निष्ठा’सारख्या ऑनलाइन अभ्यासक्रमांपर्यंत कोणता विषय शिकायचा हे शिक्षकाने ठरवण्याची सोय फारच थोड्या वेळा होती. महाराष्ट्रातल्या इंग्रजी शिक्षकांच्या बाबतीत हे पन्नास तास सत्कारणी लावायचे असतील, तर त्यांतला निदान एक हिस्सा तालुक्यातल्या विषयशिक्षकांच्या बैठकींना अधिकृतपणे द्यावा आणि त्या बैठकींसाठी कर्तव्यरजा मंजूर करावी.